बॅकअप ‘यशस्वी’ म्हणतो, पण फाइल मिळत नाही

तक्रार अशी: बॅकअपचं सॉफ्टवेअर घातलेलं आहे, वेळ लावून दिलेली आहे, दर आठवड्याला हिरवी टिक येते. फाइल हरवते त्या दिवशी बॅकअप उघडावा, तर फाइल नसतेच, किंवा असते ती वर्षापूर्वीची. मग नेटवर शोधाशोध, दुसरं सॉफ्टवेअर, पुन्हा हिरवी टिक, पुन्हा तेच. आमच्या घरात हे तीनदा झालं. तिसऱ्या वेळी मी नवीन सॉफ्टवेअर घालायच्या आधी दोन दिवस बसून नेमकं कुठे गळतंय ते शोधलं. सापडलं ते लिहून ठेवतोय, कारण ज्यांच्याकडे ज्यांच्याकडे बघितलं, त्यांच्याकडे यातलं निदान एक तरी निघालं.

कॉम्प्युटर वहिनींचा. पुण्यात घरूनच डीटीपीचं काम करतात: लग्नपत्रिका, सोसायट्यांचे वार्षिक अहवाल, दिवाळीच्या आधी एखाद्या छोट्या अंकाची पानं. विंडोज ११, आत एक टीबीची डिस्क, बाहेर दोन टीबीची पोर्टेबल डिस्क. जानेवारीत एका सोसायटीच्या सेक्रेटरींनी आधीच्या अहवालाची फाइल मागितली, ती मूळ फोल्डरमध्ये खराब निघाली. वहिनी निर्धास्त होत्या. “भाऊजी, बॅकअप आहे की. टिक बघा, हिरवीगार.” टिक खरंच हिरवीगार होती. फोल्डरही होतं. आत मार्चनंतरचं काहीच नव्हतं.

टिकवर जाऊ नका, लॉग उघडा

‘यशस्वी’ याचा अर्थ एवढाच, की प्रोग्रॅम न अडखळता शेवटपर्यंत पोचला. काय घेऊन पोचला, ते टिक सांगत नाही. जवळजवळ प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये लॉग, हिस्टरी किंवा रिपोर्ट असं काहीतरी असतं. तिथे तीन आकडे बघायचे: किती फाइली तपासल्या, किती उतरवल्या, किती वगळल्या. वहिनींच्या लॉगमध्ये डेस्कटॉपच्या ओळीपुढे दहा महिने एकच मजकूर होता: तपासल्या ०, उतरवल्या ०, त्रुटी ०. शून्यातून शून्य बिनचूक उतरवलं होतं, म्हणून टिक. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय.

शून्य का, तर वनड्राइव्ह, म्हणजे फाइली नेटवर ठेवणारी मायक्रोसॉफ्टची सेवा. मार्चमध्ये नवीन विंडोज घातलं तेव्हा साइन-इन करताना ‘पुढे, पुढे’ म्हणत गेलो आणि डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स ही तिन्ही फोल्डरं वनड्राइव्हच्या फोल्डरच्या पोटात गेली. वापरणाऱ्याला स्क्रीनवर काहीच फरक दिसत नाही, डेस्कटॉप तिथेच दिसतो. पण त्याचा पत्ता बदललेला असतो. बॅकअपचं सॉफ्टवेअर जुन्या पत्त्यावर जाऊन रिकाम्या घराचं दार वाजवत राहिलं. तपासायचं असेल तर फाइल एक्स्प्लोररमध्ये डेस्कटॉपवर राइट-क्लिक करा, प्रॉपर्टीज, मग लोकेशन. तिथे मधेच वनड्राइव्ह हे नाव दिसलं, तर बॅकअपमध्ये लावलेला पत्ता बदलून घ्या.

यातच आणखी एक खोच आहे. वनड्राइव्हमधल्या ज्या फाइलींसमोर ढगाचं चित्र असतं, त्या तुमच्या डिस्कवर नसतातच, फक्त नावाची पाटी असते. बॅकअपचं सॉफ्टवेअर त्या वगळतं, नाहीतर बॅकअप घेताना एकेक डाउनलोड करत बसतं. महत्त्वाच्या फोल्डरवर राइट-क्लिक करून ते कायम याच कॉम्प्युटरवर ठेवायचा पर्याय निवडा. फुकटची जागा ५ जीबीच आहे, हे लक्षात ठेवा. ती भरली की वर जाणंही थांबतं.

आणि वनड्राइव्ह किंवा गूगल ड्राइव्ह असलं म्हणजे बॅकअप झाला, असं म्हणणारे भेटतात. ती आरशाची कामं. इथे फाइल पुसली की तिथेही पुसली जाते, इथे खराब झाली की तिथेही खराबच चढते. कचऱ्याच्या टोपलीत साधारण ३० दिवस मिळते, पण मार्चमध्ये पुसलेलं जानेवारीत लक्षात आलं तर तीस दिवसांचं काय करणार?

पेनड्राइव्हवर गेलेला बॅकअप

डेस्कटॉपचं कोडं सुटलं, पण डी ड्राइव्हवरची फोल्डरंही अर्धवटच होती. याचं कारण सापडलं तेव्हा हसावं की रडावं कळेना.

बाहेरची डिस्क ई या अक्षरावर यायची, आणि सॉफ्टवेअरला सांगितलं होतं की ई ड्राइव्हवरच्या बॅकअप फोल्डरमध्ये टाक. एके दिवशी डिस्क काढलेली असताना एका गिऱ्हाइकाने फोटोंचा पेनड्राइव्ह आणून लावला. विंडोजने मोकळं असलेलं ई त्याला दिलं. मग डिस्क लावली, ती झाली एफ. ठरलेल्या वेळी सॉफ्टवेअर उठलं, ई वर बॅकअप फोल्डर नाही असं बघून इमानदारीत नवीन फोल्डर तयार केलं आणि पेनड्राइव्ह भरेपर्यंत फाइली ओतल्या. तो गृहस्थ दुसऱ्या दिवशी पेनड्राइव्ह घेऊन गेला. त्यात गेल्या हंगामातल्या निम्म्या पुण्याच्या लग्नपत्रिका, पत्त्यांसकट.

उपाय दोन मिनिटांचा आहे. स्टार्टवर राइट-क्लिक, डिस्क मॅनेजमेंट, बाहेरच्या डिस्कवर राइट-क्लिक करून अक्षर बदला आणि शेवटचं एखादं द्या. मी एक्स दिलं. विंडोज त्या डिस्कचं अक्षर लक्षात ठेवतं आणि पेनड्राइव्ह सहसा तिथवर पोचत नाहीत. पण ही झाली मलमपट्टी. निवडताना असं सॉफ्टवेअर निवडा, जे डिस्क अक्षरावरून नव्हे, तिच्या स्वतःच्या ओळख क्रमांकावरून ओळखतं आणि ती नसेल तर थांबून ओरडतं. तपासायची रीत सोपी: डिस्क काढून ठेवा, त्याच अक्षरावर दुसरा पेनड्राइव्ह लावा आणि बॅकअप चालवा. जे सॉफ्टवेअर निमूटपणे त्यावर लिहायला लागेल, ते त्याच दिवशी काढून टाका. मी आता कुठल्याही सॉफ्टवेअरची पहिली परीक्षा हीच घेतो. निम्मी तिथेच गळतात.

गुरुवार, यूपीएस आणि वीज

बॅकअपची वेळ होती गुरुवारी दुपारी दोनची. का, तर वहिनी तेव्हा जेवून जरा पडतात. पुण्यात राहणाऱ्याला पुढचं सांगायला नको: गुरुवार हा देखभाल-दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवायचा वार. दर गुरुवारी जात नाही, पण जाते तेव्हा नेमकी त्याच सुमारास.

विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये ठरवलेल्या कामाला दोन गोष्टी जन्मतःच चिकटलेल्या असतात. एक, कॉम्प्युटर थेट विजेवर असेल तरच काम सुरू करायचं, ही खूण आधीपासून लागलेली असते. दुसरी, वेळ चुकली तर नंतर जमेल तेव्हा लगेच करायचं, ही खूण आधीपासून लागलेली नसते. म्हणजे चुकला तो चुकला, थेट पुढचा गुरुवार. लॅपटॉपवाल्यांना पहिली अट रोजच नडते. डेस्कटॉपला बॅटरी कुठली, असं मलाही वाटायचं. पण यूपीएसची यूएसबी वायर कॉम्प्युटरला जोडलेली असेल तर विंडोज यूपीएसलाच बॅटरी समजतं. टास्क शेड्युलर उघडा, तुमच्या सॉफ्टवेअरचं काम शोधा, कंडिशन्समध्ये पहिली खूण काढा, सेटिंग्जमध्ये दुसरी लावा. पहिली खूण काढताना यूपीएसमध्ये दम आहे ना, ते बघा. बॅकअप चालू असताना डिस्कचा पुरवठा तुटणं चांगलं नाही. आम्ही वारच बदलला, शुक्रवार रात्र.

उघड्या फाइली, वायर आणि ४ जीबी

वहिनींचा हिशेब टॅलीत असतो आणि टॅली सकाळी उघडली की रात्रीच बंद होते. उघडी असलेली फाइल साधी कॉपी करायला गेलं की ती कुलूपबंद मिळते आणि वगळली जाते. आउटलुकच्या मेलच्या फाइलीचंही तेच. विंडोजमध्ये यासाठी एक्सपीच्या काळापासून शॅडो कॉपी नावाची सोय आहे: चालू डिस्कचं त्या क्षणाचं चित्र गोठवायचं आणि त्यातून कॉपी घ्यायची. चांगली सॉफ्टवेअरं ही सोय आपोआप वापरतात, काहींमध्ये ती चालू करावी लागते. फ्रीफाइलसिंक हे दोन फोल्डरं जुळवून ठेवणारं सॉफ्टवेअर अनेकांचं आवडतं आहे, माझंही, पण कुलूपबंद फाइली कॉपी करायचा पर्याय त्यात आपण होऊन लावावा लागतो. टॅलीचा मात्र तिच्यातलाच बॅकअप घेऊन ती फाइल पुढे नेलेली बरी.

बॅकअप मधेच तुटत असेल तर सॉफ्टवेअरला शिव्या देण्याआधी वायर बदला. पोर्टेबल डिस्क यूएसबीमधूनच वीज घेते, आणि कॅबिनेटच्या पुढच्या तोंडाला किंवा स्वस्तातल्या हबला ती पुरेशी मिळतेच असं नाही. डिस्क मागच्या बाजूला थेट लावा. क्रिस्टलडिस्कइन्फो हा फुकटचा प्रोग्रॅम डिस्कची प्रकृती दाखवतो: सीआरसी एररचा (वाटेत बिघडलेल्या डेटाचा) आकडा वाढत असेल तर संशय जोडणीवर, पेंडिंग सेक्टरचा (डिस्कवरच्या नीट वाचता न येणाऱ्या जागांचा) वाढत असेल तर डिस्कवर. दुसऱ्या बाबतीत सेटिंग्जशी खेळत वेळ घालवू नका, नवीन डिस्क आणा.

आणि दरवेळी बरोबर ४ जीबीला बॅकअप अडकत असेल, तर डिस्क किंवा पेनड्राइव्ह फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला आहे. त्या पद्धतीत ४ जीबीपेक्षा मोठी एकसंध फाइल बसतच नाही. आतलं दुसरीकडे काढून ठेवा आणि एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करा.

मराठी नावांचा घोळ

हा माझ्या घरचा, वहिनींचा नाही. माझ्याकडे लिनक्सवर चालणारी नेटवर्क डिस्क आहे आणि तिच्यावर काही फाइली जायच्याच नाहीत. कुठल्या, तर मराठी नावांच्या. त्याही सगळ्या नाहीत, फक्त लांबलचक नावांच्या.

विंडोज फाइलच्या नावात २५५ अक्षरं चालवून घेतं. लिनक्सच्या नेहमीच्या पद्धतीत मर्यादा २५५ बाइटची आहे, आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. काना, वेलांटी, हलन्त ही सगळी वेगळी चिन्हं. ‘लग्नपत्रिका’ म्हणजे अकरा चिन्हं, ३३ बाइट. थोडक्यात, ८५ चिन्हांच्या पुढे नाव गेलं की फाइल नाकारली जाते. ‘चि. सौ. कां. अमुक आणि चि. तमुक यांच्या शुभविवाहाचं निमंत्रण अंतिम दुरुस्ती २’ असल्या नावांत अमुक-तमुकच्या जागी वधूवरांची पूर्ण नावं आली की ही मर्यादा सहज ओलांडली जाते. एनक्रिप्ट केलेल्या, म्हणजे सांकेतिक कुलूप लावलेल्या, फोल्डरमध्ये जागा आणखी कमी. ईक्रिप्टएफएस या जुन्या पद्धतीत १४३ बाइट, म्हणजे जेमतेम ४७ चिन्हं.

जुन्या झिप प्रोग्रॅमांनी मराठी नावांची प्रश्नचिन्हं केलेलीही पाहिली आहेत. म्हणून सॉफ्टवेअर तपासताना चाचणीच्या फोल्डरमध्ये जोडाक्षरं असलेली एक फाइल मुद्दाम ठेवा. इंग्रजी नावांवर केलेली चाचणी आपल्या उपयोगाची नाही.

मग निवडायचं कोणतं

तुलना करणारे तक्ते मी बघणं सोडलं. त्यात चाळीस सोयी असतात आणि गप्प राहून फसणं हा दोष कुठल्याच रकान्यात नसतो. मोठ्यांचंही हेच होतं. ३१ जानेवारी २०१७ ला प्रोग्रॅमरांचा कोड सांभाळणाऱ्या गिटलॅब या कंपनीत एका इंजिनिअरकडून चुकीच्या सर्व्हरवरचा डेटाबेस पुसला गेला. बॅकअपच्या पाच वेगवेगळ्या तजविजी होत्या, एकही धड निघाली नाही. रोजचा डेटाबेस बॅकअप प्रोग्रॅमच्या आवृत्त्या न जुळल्यामुळे आधीपासूनच बंद पडला होता, आणि तो बंद पडल्याच्या सूचनांच्या ईमेली ज्यांना मिळायला हव्या होत्या, त्यांच्या मेल सर्व्हरने त्या नाकारल्या होत्या. कंपनीने हे सगळं स्वतःच जाहीर लिहिलं, म्हणून आपल्याला कळलं.

तेव्हा माझे प्रश्न तीनच. फसलं तर बोलतं का? फाइलच्या जुन्या आवृत्त्या ठेवतं का? आणि उद्या ही कंपनीच उरली नाही, तर माझ्या फाइली मला काढता येतील का?

तिसरा प्रश्न उगाच नाही. नेटवर बॅकअप ठेवणाऱ्या क्रॅशप्लॅनने २०१७ मध्ये घरगुती ग्राहकांची सेवा गुंडाळायचं जाहीर केलं आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये ती बंद झाली. पूर्ण डिस्कची प्रत घेणाऱ्या मॅक्रियम रिफ्लेक्टची मोफत आवृत्ती वर्षानुवर्षं सगळे सुचवायचे, मीही डझनभर कॉम्प्युटरांवर घातली होती. तिचे सुरक्षा अपडेट १ जानेवारी २०२४ पासून थांबले. दोन्ही सॉफ्टवेअरं चांगली होती. विंडोजच्या कंट्रोल पॅनेलमध्ये अजून ‘विंडोज ७’ असं कंसात लिहिलेला बॅकअप दिसतो. त्यातली पूर्ण डिस्कची प्रत घ्यायची सोय मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्येच मावळतीच्या यादीत टाकली आहे. चालते, पण नव्याने तिच्यावर विसंबू नका. आणि स्टार्ट मेनूमधलं ‘विंडोज बॅकअप’ हे ॲप म्हणजे बऱ्याच अंशी वनड्राइव्हच, पूर्ण डिस्क त्याने परत येत नाही.

वहिनींसाठी ठरलं ते असं. रोजच्या फाइलींना विंडोजचीच फाइल हिस्टरी. जुनी आहे, दिसायला दरिद्री आहे, पण बदललेली फाइल दर तासाला उतरवते, आवृत्त्या ठेवते, आणि मुख्य म्हणजे बाहेरच्या डिस्कवर साध्या फाइलीच ठेवते, नावापुढे तारीख-वेळ लावून. ती डिस्क कुठल्याही कॉम्प्युटरला लावा, कुठलंही सॉफ्टवेअर न घालता फाइल उघडते. माझ्या तिसऱ्या प्रश्नाला यापेक्षा सरळ उत्तर नाही. फक्त नावापुढची वेळ आपली नसते, जागतिक (यूटीसी) असते, त्यात साडेपाच तास मिळवायचे. विंडोज ११ मध्ये ती कंट्रोल पॅनेलमध्ये लपवली आहे, आणि डी ड्राइव्हवरचं फोल्डर घ्यायचं असेल तर ते आधी विंडोजच्या ‘लायब्ररी’ या फोल्डरांच्या यादीत सामील करावं लागतं. वनड्राइव्हमध्ये गेलेली फोल्डरं ती घेईलच याचा भरवसा नाही, म्हणून आम्ही डेस्कटॉप परत जुन्या जागी आणला.

पूर्ण डिस्कसाठी वीम एजंटची मोफत आवृत्ती. थोडी कार्यालयीन वळणाची आहे, पहिल्यांदा उघडल्यावर वहिनींनी “हे बँकेचं आहे का?” असं विचारलं. पण शॅडो कॉपी आपोआप वापरते, सुटकेचा पेनड्राइव्ह (विंडोज सुरूच होत नसेल तर ज्यावरून कॉम्प्युटर चालू करता येतो तो) करून देते आणि बॅकअप संपला की बाहेरची डिस्क सोडून देते. शेवटची गोष्ट खंडणीवाल्या व्हायरससाठी. मे २०१७ मधल्या वॉनाक्रायसारखा प्रकार घरात शिरला तर जोडलेली प्रत्येक डिस्क कुलूपबंद होते. म्हणून ही डिस्क वेगळी, शुक्रवारी रात्री लावायची, सकाळी कपाटात. तिसरी एक माझ्याकडे असते, महिन्यातून एकदा अदलाबदल. डिस्क बिटलॉकर या विंडोजच्या कुलपाने बंद केलेली असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. ती त्याच कॉम्प्युटरमध्ये ठेवणारे मी बघितले आहेत.

कमांड लिहायची सवय असेल तर रेस्टिक बघा, साठवलेला डेटा पुन्हा वाचून पडताळायची सोय त्यात उत्तम आहे. मॅकवाल्यांनी मॅकमध्येच असलेलं टाइम मशीन चालू करावं आणि हा लेख सोडून द्यावा. क्लाउडवर सगळं पाठवायचं तर आधी हिशेब करा: अपलोडचा वेग ४० एमबीपीएस धरला तरी ५०० जीबीला अखंड २८ तास लागतात. आणि बॅकब्लेझसारख्या सेवेत बाहेरची डिस्क महिनाभर जोडली नाही तर तिचा बॅकअप काढून टाकला जाऊ शकतो, ती अट वाचून घ्या.

संकष्टीची चाचणी

परत काढून बघितल्याशिवाय यातल्या कशालाच बॅकअप म्हणत नाही. महिन्यातून एकदा करायचं ठरलं, पण तारीख कोणाच्या लक्षात राहणार? वहिनींनीच तोडगा काढला: संकष्टी. चंद्रोदयाची वाट बघत बसायचंच असतं, तेवढ्यात एक जुनी फाइल बॅकअपमधून काढायची, आणि तीही स्वतःच्या कॉम्प्युटरवर नाही, पुतणीच्या लॅपटॉपवर.

पहिल्याच संकष्टीला पत्रिका मिळाली, उघडलीही, आणि सगळ्या पानभर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा कचरा. “श्री गजानन प्रसन्न” च्या जागी टिंबं, डॉलर आणि कंस. फाइल शाबूत होती, फॉन्ट नव्हता. श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये केलेलं काम युनिकोड नसतं. फॉन्ट गेला की मजकूर गेल्यातच जमा. आणि फाइल हिस्टरी विंडोजच्या फॉन्ट फोल्डरकडे बघत नाही. त्यातून काही फॉन्ट सगळ्यांसाठी न घालता एकाच वापरकर्त्यासाठी घातले असतील तर ते विंडोजच्या फोल्डरमध्ये नसतातच, त्या वापरकर्त्याच्या लपलेल्या ॲपडेटा फोल्डरमध्ये जातात. वहिनींचे अकरा फॉन्ट तिथे निघाले.

आता डी ड्राइव्हवर फॉन्टचं एक वेगळं फोल्डर आहे, इन्स्टॉलर आणि लायसनच्या पावतीसकट, आणि ते लायब्ररीत सामील आहे. दुसऱ्या संकष्टीला पत्रिका नीट उघडली. वहिनींनी ती वरपासून खालपर्यंत वाचली आणि म्हणाल्या, “भाऊजी, यात मुहूर्ताची वेळ चुकलीय हो. ही दुरुस्तीच्या आधीची आहे.” होती खरी. नावातले साडेपाच तास मी दोनदा मिळवले होते.